कॅरिबूंची शिरगणती

२०१८ च्या उन्हाळ्यात मी कॅनडाच्या उत्तरेला, येलोनाइफमध्ये, एका कंत्राटावर होते. काम काय, तर विमानातून काढलेल्या फोटोंमधले कॅरिबू मोजायचे. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतला रानटी रेनडिअर. डोळ्यांवर थ्रीडी सिनेमाला देतात तसला चष्मा, समोर दोन स्क्रीन, आणि त्यांच्यावर टुंड्राची तपकिरी जमीन, मधूनमधून अर्धवट वितळलेल्या बर्फाचे पांढरे चट्टे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली जमीन अशीच चट्ट्यापट्ट्यांची असते. कॅरिबूचा रंगही नेमका तसाच, त्यामुळे साध्या फोटोत जनावर कुठलं आणि धोंडा कुठला हे कळता कळत नाही. चष्मा लावला की जनावर जमिनीवरून बोटभर वर उठतं. उठलं की माउसची टिचकी. दिवसभर टिचक्या. संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच धोंडे आणि तीच जनावरं.

आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग तुझ्या बाबांची नोकरी काय वाईट होती? इतकं शिकून, इतक्या लांब जाऊन जनावरंच मोजायची होती तर!"

बाबा मेळघाटात वनरक्षक होते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राणिगणना व्हायची, तिला मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलेले. रात्रभर चांदण्यात पाण्याकडे डोळे लावून बसायचं आणि जे येईल ते तक्त्यात लिहायचं. सांबर ४, रानडुक्कर ११, अस्वल १. सकाळी बाबा तो कागद साहेबांकडे द्यायचे, की आमचा त्या आकड्याशी संबंध संपला. पुढं त्याचं काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही.

येलोनाइफलाही असंच असेल असं मी धरून चालले होते. टिचक्या मारायच्या, फाइल द्यायची, पैसे घ्यायचे.

मोजणीची रीत जरा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरलं. आमच्या वाट्याला आलेल्या कळपाचं नाव ब्लूनोज-ईस्ट. हिवाळ्यात तो ग्रेट बेअर सरोवराच्या बाजूच्या सूचिपर्णी जंगलात असतो आणि वसंतात शेकडो किलोमीटर चालून आर्क्टिक किनाऱ्याकडे, कुगलुकटुक या इन्युइट गावाच्या पश्चिमेला, पाडसं घालायला जातो. गाभण माद्या तिथं दाटीनं जमतात, म्हणून मोजायची वेळ तीच. काही माद्यांच्या गळ्यात उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे पट्टे असतात, त्यांच्यावरून विमानाला दिशा मिळते. जिथं दाटी तिथले फोटो घेतात, जिथं विरळ तिथं लहान विमानातून माणसं नुसत्या डोळ्यांनी मोजतात. शेवटी हेलिकॉप्टर फिरतं, व्यालेल्या माद्या किती आणि भाकड किती ते पाहायला. आपल्याकडच्या सांबर-चितळांत शिंगं फक्त नराला. कॅरिबूत मादीलाही असतात, आणि गाभण मादी ती पाडस होईपर्यंत राखते, झालं की थोड्याच दिवसांत गाळते. त्यामुळे वरून बघणाराही डोकं आणि कास बघून बाळंतिणीची बातमी सांगू शकतो. मला हे इतकं आवडलं होतं की पुढचे आठ दिवस मी भेटेल त्याला तेच सांगत होते.

या सगळ्याचा गुणाकार-भागाकार होऊन त्या वर्षीचा कळपाचा अंदाज निघाला १९,३००. हाच कळप २०१० मध्ये लाखाच्या वर होता, २०१५ मध्ये ३८,६००. म्हणजे तीन वर्षांत निम्मा. शेजारच्या बाथर्स्ट कळपाची गत त्याहून वाईट. १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० आणि २०१८ मध्ये ८,२००.

आकडा हातात आल्यावर मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, "अजून कुठं? आता कामाला सुरुवात होईल." मला नकाशे करता येतात हे त्यांना माहीत होतं. कंत्राट सहा महिने वाढलं.

या भागात ट्लिचो या मूळनिवासी लोकांचं स्वतःचं सरकार आहे. इंग्रजीत पूर्वी त्यांना डॉगरिब म्हणत. १९२१ मध्ये त्यांच्या मोन्फ्वी नावाच्या प्रमुखानं कॅनडाशी तह केला, तह क्रमांक ११. सूर्य उगवतोय, नदी वाहतेय आणि ही जमीन जागची हलत नाही, तोवर आमच्या जगण्याच्या रीतीला आडकाठी होणार नाही, हे त्याचं म्हणणं अजून लोकांच्या तोंडी आहे. २००३ मध्ये नवा करार झाला, २००५ पासून तो लागू झाला. त्यानं सुमारे ३९,००० चौरस किलोमीटर जमीन ट्लिचोंच्या मालकीची झाली, आणि त्याहून मोठ्या अशा वेकेइझी नावाच्या मुलखातल्या रानजनावरांसाठी एक मंडळ बसलं, वेकेइझी रिन्युएबल रिसोर्सेस बोर्ड. निम्मे सदस्य ट्लिचो सरकारनं नेमायचे, निम्मे कॅनडा आणि टेरिटरी, म्हणजे येलोनाइफ ज्यात येतं तो नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश, या दोन सरकारांनी. एखाद्या जनावराची एकूण किती शिकार होऊ द्यायची ती मर्यादा हे मंडळ ठरवतं, तीही फक्त जनावर टिकावं एवढ्याच कारणासाठी आणि गरजेपुरतीच. बाकीच्या बाबतींत शिफारस करतं, आणि सरकारांना ती नाकारायची तर कारणं द्यावी लागतात.

कागदावर हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची संयुक्त वनव्यवस्थापन समिती आठवली आणि मी नाक मुरडलं. लहानपणी एका गावात तसली एक बैठक मी पाहिली होती. ठराव रजिस्टरात आधीच उतरलेला, अंगठे नंतर, चहा शेवटी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले ती गोष्ट वेगळी होती हे ऐकून ठाऊक होतं, पण अपवाद म्हणूनच ठाऊक होतं.

इथंही सगळं पहिल्यापासून सुरळीत नव्हतं. २०१० च्या जानेवारीत टेरिटरीच्या सरकारनं बाथर्स्ट कळपाच्या हिवाळी मुलखात शिकारीवर तातडीची बंदी घातली, आणि मंडळाची सुनावणी झाली मार्चमध्ये. आधी बंदी, मग विचारणा. शिकार हा ज्यांचा तहानं मिळालेला हक्क, त्यांना हे कसं लागलं असेल ते सांगायला नको. मी आले तेव्हा त्याला नऊ वर्षं होत आली होती, तरी 'दोन हजार दहा' एवढंच म्हटलं की माणसं मान हलवत आणि पुढचं बोलत नसत. म्हणूनच आता रीत अशी पडली होती की टेरिटरी आणि ट्लिचो या दोन्ही सरकारांनी बसून एकच प्रस्ताव करायचा, तो मंडळापुढं ठेवायचा, आणि त्याच्या आधी गावोगाव जाऊन आकडा दाखवायचा.

त्या दाखवण्यातच माझी फजिती झाली.

फेब्रुवारीत आम्ही गामेती या ट्लिचो गावी गेलो. एरवी तिथं विमानानंच जावं लागतं, हिवाळ्यात मात्र गोठलेल्या सरोवरांवरून रस्ता होतो. ट्रकच्या चाकाखाली बर्फ कुरकुरतं आणि मधेच लांब कुठंतरी ढोलावर थाप पडावी तसा आवाज येतो. चालवणारा म्हणाला, बर्फ बोलतंय, बोलतंय तोवर काळजी नाही. मी पाय उगाचच वर घेऊन बसले होते.

गावाच्या हॉलमध्ये मी नकाशा लावला. मोठा, रंगीत, गळपट्टेवाल्या माद्यांच्या ठिपक्यांनी भरलेला. मला त्याचा अभिमान होता. लोक जवळ आले, बघितलं आणि गप्प राहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी एका सरोवरावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. दुभाषीबाईंनी मला सांगितलं, "एत्सी विचारतायत, हे कुठलं सरोवर?" एत्सी म्हणजे आजी. मी छापील इंग्रजी नाव वाचून दाखवलं. आजीबाईंनी मान हलवली. दुभाषीबाई म्हणाल्या, "त्या म्हणतात, हे त्याचं नाव नाही. नाव माहीत नाही तर तिथली जनावरं कशी मोजली?"

हॉलभर हसू पसरलं. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

येलोनाइफला परतून मी नावं मागवली. ट्लिचोंनी आपल्या मुलखातली गावं, सरोवरं, पाणवाटा यांची नावं स्वतः नोंदवून ठेवलेली आहेत. भाषा रोमन अक्षरांत लिहितात, पण स्वरांना खाली बारीक शेपट्या, वर तिरक्या रेघा, आणि एका एलच्या पोटातून आडवी काट. दोनशेच्या वर नावं मी नकाशावर बसवली आणि छापायला टाकली. नकाशा आला तर निम्म्या नावांत शेपटीवाल्या अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. फाँट चुकला होता.

ते चौकोन बघून मला एकदम शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवली. माझं नाव मराठीत टाइप केलं की जोडाक्षर फुटून वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, आणि मधे असाच एक चौकोन यायचा. मास्तर म्हणायचे, इंग्रजीत लिही ना, काय अडतंय. रात्री अकरापर्यंत बसून मी फाँट बदलला, एकेक शेपटी तपासली. कंत्राटात या कामाचे तास नव्हते. तिथल्या मुक्कामातलं माझं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन.

दुसऱ्या खेपेला आजीबाईंनी नकाशा टेबलावर पसरायला लावला आणि पेन्सिल मागितली. एका लांबट सरोवराच्या चिंचोळ्या कमरेवर त्यांनी आडवी रेघ ओढली. नोओके. म्हणजे जनावरं पाणी ओलांडतात ती जागा. त्यांच्या वडिलांनी तिथं तळ टाकलेला त्यांना आठवत होता. मग आणखी एक रेघ, आणखी एक. माझ्या ठिपक्यांपैकी एकही त्या पहिल्या रेघेच्या आसपास नव्हता. मी तसं बोलून दाखवलं नाही. हे लक्षात घेणं मला जमलं, एवढी अक्कल तोवर आली होती.

गळपट्ट्यांबद्दल ट्लिचो वडीलधाऱ्यांचं मत चांगलं नाही. जनावराच्या गळ्यात काही बांधणं हा त्याचा अपमान आहे, आणि ज्याचा अपमान होतो ते जनावर तुमच्याकडे यायचं थांबवतं, ही तिथली समजूत. समजूत म्हणण्यापेक्षा शिस्त म्हणावं. मारलेल्या जनावराचं काही वाया घालवायचं नाही, काठीनं त्याला मारायचं नाही, त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. चहाच्या वेळी एका जुन्या शिकाऱ्यानं मला सांगितलं, "ते मेले नाहीत, गेलेत."

मी आधी याला भाबडेपणा समजले. मग २०१८ चाच बाथर्स्टच्या पट्ट्यांचा तक्ता काढला. पट्टेवाल्या ११ माद्यांपैकी ३ त्या वसंतात आपल्या नेहमीच्या जागी गेल्याच नव्हत्या. पूर्वेला बेवर्ली कळपाबरोबर गेल्या होत्या. म्हणजे 'गेलेत' हे अगदीच खोटं नव्हतं, आणि गंमत अशी की ते कळलं अपमानकारक पट्ट्यांमुळेच. पण साडेचार लाखांवरचा कळप आठ हजारांवर येतो तो काही नुसता स्थलांतरानं येत नाही, हेही मी त्या शिकाऱ्याला सांगितलं. त्यानं चहात तिसरा चमचा साखर घातली आणि म्हणाला, "मग उरलेले कुठं गेले ते खाणवाल्यांना विचार." १९९८ मध्ये एकाटी, २००३ मध्ये डायाविक, २०१६ मध्ये गाचो क्यू. बाथर्स्टच्या मुलखात हिऱ्यांच्या खाणी एकामागून एक उघडल्या, त्यांच्यासाठी गोठलेल्या सरोवरांवरून दर हिवाळ्यात ट्रकांची रांग लागते. आमचा घास मोजता आणि त्यांचा रस्ता मोजत नाही, हा राग प्रत्येक गावात होता, आणि मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

दोन्ही सरकारांचा संयुक्त प्रस्ताव तोवर मंडळाकडे गेला होता. २०१६ पासून ब्लूनोज-ईस्टची मर्यादा ७५० नर होती, ती ३०० नरांवर आणावी असं त्यात होतं. नरच का, तर थोडे नर असले तरी माद्या गाभण राहतात, पण एक मादी गेली की तिची पुढची सगळी पाडसं गेली. प्रस्ताव गेला की मंडळाकडून लेखी प्रश्न येतात. त्याला मुदत असते, उत्तरं लेखी द्यायची, आणि प्रश्न-उत्तरं सगळ्यांना वाचता येतील अशी उघड्या नोंदवहीत जातात. गावातल्या शाळकरी मुलालाही ती बघता येतात. माझ्या वाट्याला त्यातले थोडेच प्रश्न आले, नकाशांपुरते, पण त्या चार परिच्छेदांची सात जणांनी तपासणी केली. कंटाळवाणा भाग होता, तो इथंच सोडते.

सुनावणी एप्रिलमध्ये, बेचोको या ट्लिचो गावात. येलोनाइफहून शंभरेक किलोमीटर. खालची गोठलेली जमीन वरखाली होत असल्यानं डांबरी रस्त्याला लाटा आलेल्या, आणि कडेला बर्फ उकरत उभे असलेले रानबायसन. गाडीत दुभाषीबाई माझ्याशेजारी होत्या. कागदाची चळत मांडीवर घेऊन शब्द जुळवत होत्या. एका ठिकाणी अडल्या.

"हे अधिक-उणे काय आहे ते मला नीट सांग. मागच्या वेळी मी 'त्यांना खात्री नाही' असं सांगितलं, तर लोक म्हणाले, खात्री नाही तर आलात कशाला?"

आकडेशास्त्रातली व्याख्या त्यांच्या कामाची नव्हती. माझ्याही फारशी नव्हती. मी त्यांना मेळघाट सांगितला. पाणवठ्यावर मचाण, पौर्णिमेची रात्र. माझ्या मचाणावरून मला सांबर चार दिसले. पलीकडच्या मचाणावरच्याला सहा. तिसऱ्याला एकही नाही, कारण त्याला पहाटे डुलकी लागली. रानात सांबर आहेत किती? कुणीच खोटं बोललेलं नाही, पण तिघांचं मिळून एवढंच सांगता येतं की याहून कमी नसावेत आणि त्याहून जास्त नसावेत. त्या दोन टोकांच्या मधलं अंतर म्हणजे ते अधिक-उणे.

त्या कागदावरून मान वर करून म्हणाल्या, "तुम्ही झाडावर बसून वाघ मोजता?"

"वाघ आला तर."

"आणि खाली उतरायचं कसं?"

त्यावर आम्ही बेचोको येईपर्यंत हसत होतो. सुनावणीत हेडसेटच्या ट्लिचो वाहिनीवर अधिक-उणे आलं तेव्हा त्यांनी बराच वेळ घेतला, आणि समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. त्यांनी मचाण सांगितलं की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही.

सुनावणी म्हणजे कोर्टासारखं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. होतंही थोडं. टेबलं चौकोनात मांडलेली, प्रत्येक पक्षापुढं नावाची पाटी, शब्दन् शब्द टिपणारी माणसं. पण सुरुवात हातढोलांच्या तालावरच्या प्रार्थनेनं झाली. आपल्या पानातला थोडा घास अग्नीला द्यायची रीत मला तिथं पहिल्यांदा बघायला मिळाली. कुणी बोलत नाही, रांगेनं पुढं जायचं आणि घास ठेवून मागं यायचं. आमची आजी पहिल्या भाकरीचा तुकडा चुलीत टाकायची तेव्हा आम्ही तिची टिंगल करायचो. रांगेत मी मुकाट्यानं उभी राहिले.

तीन दिवस. मला सगळ्यात जड गेलं ते कुणालाच घाई नसणं. माणूस बोलायला उठला की त्याला कुणी थांबवत नाही. मर्यादेवर बोलायला उठलेला माणूस आधी आजोबांच्या कुत्र्यांच्या गाडीवर बोलतो, मग मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्यात ठेवत त्या निवासी शाळेवर, मग लांडग्यांवर, आणि पाऊण तासानं मर्यादेपाशी येतो. पहिल्या दिवशी मी घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की प्रत्येक जण आधी आपण कुठं उभं राहून पाहिलं ते सांगतो आहे, आणि मग काय पाहिलं ते. आम्हीही तेच केलं होतं, फक्त आम्ही त्याला 'पद्धती' म्हणून वेगळं प्रकरण पाडलं होतं. तिसऱ्या दिवशी घड्याळ खोलीवर विसरले.

ट्लिचोंच्याच माणसांनी २०१६ पासून चालवलेली एक पाहणी आहे, बूट्स ऑन द ग्राउंड या नावानं सुरू झालेली. उन्हाळ्यात वडीलधारी शिकारी आणि तरुण मंडळी कॉन्ट्वॉयटो सरोवरावर तळ टाकतात आणि पायी फिरून जनावरं बघतात. किती आहेत यापेक्षा कशी आहेत ते. चरबी चढलीय का, पाडसं बरोबर आहेत का, लंगडतं कोण, लांडगे कुठून येतात. विमानातून यातलं काहीही दिसत नाही. ग्रेट बेअर सरोवरावरच्या देलिने गावानं तर मर्यादेच्या आकड्याऐवजी आपल्याच कायद्यांवर आधारलेला कॅरिबूचा आराखडा २०१६ मध्ये केला होता. कुणी किती मारायचे यापेक्षा कुणी कसं वागायचं यावर त्याचा भर. एकाच कळपाबद्दल शेजारी-शेजारी दोन रीती. मला आधी हा गोंधळ वाटला. आता वाटतं, आकडा काढणं हे यातलं सोपं काम आहे. तो कुणाच्या देखत काढला आणि कुणाच्या तोंडून सांगितला, यावर तो टिकतो की नाही हे ठरतं.

जेवायला मासा होता, बॅनक नावाचा जाड पाव होता, सूप होतं. कॅरिबू नव्हता. कॅरिबूवर तीन दिवस बोलणारी दोनशे माणसं आणि ताटात कॅरिबू नाही, याची कुणी वाच्यता केली नाही. फक्त एक तरुण शिकारी माझ्यासमोर बसून सुपात बॅनक बुडवत म्हणाला, "माझ्या पोरानं अजून एकही सोललेला नाही. नऊ वर्षांचा आहे. मी त्याच्या वयाचा असताना..." आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

निर्णय उन्हाळ्यात आला. मी तोवर परतीच्या तयारीत होते. मंडळानं ३०० मान्य केले नाहीत. १९३ नर. कळपाच्या एक टक्का. दोन्ही सरकारं एका बाजूला असताना मंडळानं त्यांच्याहून कडक आकडा दिला, आणि त्या मंडळातले निम्मे ट्लिचोंनी नेमलेले. ज्या समितीच्या आठवणीनं मी नाक मुरडलं होतं, तिच्यात असं कधी झालं नसतं. पण आनंद झाला असंही म्हणवत नाही. चार ट्लिचो गावं, शिवाय बाकीचे हक्कदार, आणि १९३. सुपात बॅनक बुडवणारा तो बाप मला त्या कागदावर सारखा दिसत होता.

बाबांना फोन केला. नोकरीत कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी आता विचारला, "मग तुमचा आकडा त्यांनी मानला म्हणायचा?"

"मानला. आणि वरून आम्हालाच वापरायला शिकवला."

"बरंय," म्हणाले, "आमचा तर साहेबांच्या कपाटातच राहायचा."

पुढच्या मोजण्यांत मी नव्हते, बातम्या मात्र ठेवत गेले. ब्लूनोज-ईस्ट २०२१ मध्ये २३,२०० झाला, २०२३ मध्ये ३९,५०० च्या आसपास. बाथर्स्टवर टेरिटरीत शिकारीला २०१६ पासून पूर्ण बंदी, आणि तो २०२१ मध्ये ६,२४० वर. तेव्हा १९३ मुळे कळप वाढला असं छातीठोकपणे सांगायला मी धजत नाही. शेजारच्या कळपावर शून्य होतं, तरी तो खालीच गेला.

माझ्याकडे राहिलं होतं ते आजीबाईंच्या पेन्सिलीच्या रेघांचं काम. निघण्याआधी मी तो नकाशा स्कॅन करून त्या रेघा माझ्या नकाशावर उतरवल्या. प्रश्न असा पडला की त्या घालायच्या कुठल्या थरात? 'निरीक्षणं' या थरात तारीख लागते आणि अक्षांश-रेखांश लागतात. त्यांच्याकडे वडिलांचा तळ होता, तारीख नव्हती. शेवटी मी त्यांच्यासाठी वेगळा थर केला आणि नाव दिलं नोओके. रंग कोणता द्यायचा ते विचारायला दुभाषीबाईंना फोन लावला. दोन दिवसांनी उत्तर आलं. निळा नको, निळं पाणी आहे. लाल नको, लाल तू खाणींच्या रस्त्यांना दिलायस. तपकिरी दे, जनावराचा असतो तसा.

मी कळवलं की जमीनही तपकिरी आहे, छापल्यावर रेघ नीट दिसत नाही.

त्यावर एवढंच उत्तर आलं की एत्सी म्हणतात, जवळ जाऊन बघा म्हणावं.